जोडप्याची सरासरी

आमच्या मंडळाचं सदस्यत्व जोडप्याचं असतं. पावती नवऱ्याच्या नावाने फाटते आणि नावापुढे 'सपत्नीक' लिहिलेलं असतं. गणपतीतली आवर्तनं सपत्नीक, कोजागिरीचं दूध सपत्नीक. माझा जन्म काशीतल्या दुर्गाघाटावरचा, त्यामुळे हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग या मंडळींनी बोलिंगची लीग काढली.

कल्पना अध्यक्षांची. ते विद्यापीठात गणित शिकवून निवृत्त झालेले, घराणं मंगला गौरीजवळचं, पाच-सहा पिढ्या काशीत मुरलेलं. मुलाकडे बंगळूरला जाऊन आले आणि आल्या आल्या जाहीर केलं की आता आपण 'मॉडर्न' व्हायचं. रविवारी सकाळी मॉल रिकामाच असतो. तेव्हा आम्ही चौदा जोडपी गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत चालत जायचो, तिथून ई-रिक्शा, आणि मॉलमध्ये पोचल्यावर भाड्याचे बूट घालून जड चेंडू लाकडी पट्टीवरून घरंगळवायचे. समोर दहा पिना. पट्टीच्या दोन्ही बाजूंना जी पन्हळ असते तिला आमच्यात सगळे नालीच म्हणतात, आणि पहिल्या दिवशी बहुतेकांचे चेंडू तिथेच गेले.

माझे गेले नाहीत. का, ते मला माहीत नाही. बायकांनी लगेच ठरवून टाकलं की पोळ्या लाटून माझं मनगट तयार झालंय. आमच्याकडे पोळ्या स्वयंपाकाची महराजिन करते. पण कारण पोळपाटावर जाऊन थांबलं की लोकांना बरं वाटतं.

नियम अध्यक्षांनीच केले, आणि पहिले नियम खरोखर चांगले होते. रविवारी प्रत्येकाने तीन डाव खेळायचे. त्या तीन डावांची सरासरी दीडशेला जितकी कमी पडेल, तितके गुण त्याला पुढच्या रविवारी प्रत्येक डावात फुकट. याला हँडिकॅप म्हणतात. म्हणजे कच्चा खेळाडूही पक्क्यासमोर उभा राहू शकतो. पहिल्या रविवारी माझी सरासरी आली एकशे बत्तीस. आमच्या यजमानांची सत्तर.

हे आकडे फळ्यावर लिहिले गेले तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचले. तीस वर्षं शाळेत शिकवलं. पगार दोघांच्या खात्यात, घर दोघांच्या नावावर, मुलीच्या यशाचं श्रेय तिच्या वडिलांना. एकशे बत्तीस मात्र माझे एकटीचे होते आणि मला ते फार आवडले.

अडचण अशी की फळ्यावर आणखीही काही बायका आपापल्या नवऱ्यांच्या पुढे निघाल्या होत्या. खुद्द अध्यक्षीणबाई अध्यक्षांच्या पुढे होत्या. त्या आठवड्यात कार्यकारिणी घाईघाईने भरली. कार्यकारिणीत सगळे पुरुष, चहा करायला तेवढ्या बायका. नवा नियम ठरला: सदस्यत्व जोडप्याचं, म्हणून सरासरीही जोडप्याची. दोघांची बेरीज करायची, निम्मी करायची आणि तोच आकडा दोघांच्याही नावापुढे लिहायचा. आम्ही दोघं एकदम एकशे एक झालो.

मी अध्यक्षांना विचारलं, हे कुठलं गणित?

"वहिनी, एका घरात दोन आकडे बरे दिसत नाहीत," ते म्हणाले. "आणि हिसाब तर बराबर बसतोय ना? दोघांचे मिळून फुकटचे गुण तेवढेच. मग झगडा कशाचा?"

बेरीज तेवढीच, हे खरं होतं. गणिताच्या प्राध्यापकाने जन्मभराच्या विद्येचा एवढाच उपयोग केला, हेही खरं होतं. बायको आपल्या पुढे गेली हे झाकून ठेवण्यासाठी त्या माणसाने भागाकार वापरला.

आणि आमचे हे? बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आले आणि इथलेच झाले. सरळ माणूस, असं मी समजत होते. मला वाटलं, म्हणतील, अहो, हा आकडा तिचा आहे. ते फळ्यासमोर उभे राहिले, चष्मा पुसला आणि फोटो काढला. त्याच दिवशी पुण्याच्या भावाला फोनवर सांगत होते, "माझं अ‍ॅव्हरेज एकशे एक आहे. हो, या वयात." मी समोर भाजी निवडत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी हसून मानही डोलावली.

पुढे तर विनोदच झाला. मी माझ्या गतीने खेळायची आणि वर त्यांच्या वाट्याचे फुकट गुण मला चिकटायचे, त्यामुळे मीच जिंकू लागले. मला नको असलेल्या गुणांवर. दर वेळी चषक घ्यायला हे पुढे जायचे, कारण चषकही सपत्नीक. बाकीच्या बायका टाळ्या वाजवायच्या. एकीलाही त्यात काही खटकलं नाही, आणि त्यांचीही मला कीव आली.

मी घरी स्पष्ट सांगितलं. "अहो, माझा आकडा मला वेगळा हवाय. तुम्ही सभेत सांगा."

"अगं, घरातल्या घरात काय वेगळं करायचं?" हे म्हणाले. "लोक काय म्हणतील, यांच्यात काही बिनसलंय का?"

पुढच्या रविवारी मी चेंडू उचलला आणि शांतपणे नालीत सोडला. मग दुसरा. तिन्ही डाव, एकूण एक चेंडू नालीत. पहिल्या डावात सगळ्यांनी धीर दिला. दुसऱ्यात अध्यक्षीणबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिसऱ्यात कोणीतरी माझ्यासाठी लिंबूपाणी आणलं. ह्यांचे नेहमीचे सत्तर आणि माझं शून्य. फळ्यावर दोघांच्या नावापुढे पस्तीस लागले.

"पस्तीस!" हे ओरडले. "तुझ्यामुळे माझं अ‍ॅव्हरेज पस्तीसवर आलं!"

"काठावर पास झालात," मी म्हटलं.

गंमत म्हणजे त्या पस्तीसमुळे पुढच्या रविवारी ह्यांना डावामागे एकशे पंधरा गुण फुकट मिळणार होते. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चषक जिंकले असते. पण एवढा हिशोब करायला डोकं थंड लागतं, आणि ह्यांचं डोकं त्या फळ्यात अडकलं होतं. हिशोब बाकीच्यांनी केला. हे जोडपं आता सगळ्यांना धुऊन काढणार, हे लक्षात येताच कार्यकारिणी तिथेच, बूट काढायच्या बाकांवर भरली. ह्यांनीच प्रस्ताव मांडला की सरासरी ज्याची त्याची असावी. अध्यक्षांनी तत्काळ अनुमोदन दिलं. तत्त्वाची गोष्ट आहे, असंही कोणीतरी म्हणालं.

मग ह्यांच्या नावापुढे सत्तर लिहिलं गेलं. माझ्या नावापाशी अध्यक्षांचा हात अडखळला. "वहिनी, आजचा खेळ सोडून देऊ. तबीयत ठीक नव्हती असं समजू."

"तबीयत उत्तम आहे," मी म्हटलं. "शून्य लिहा. पण मला फुकटचे गुण नकोत, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. परतताना ई-रिक्शात हे शेजारच्यांना सांगत होते की हिच्यासाठी मी आज कार्यकारिणीशी भांडलो.

नंतरच्या रविवारी माझे एकशे एक्केचाळीस आले. ह्यांचे एकोणसत्तर. फळ्यावर दोन आकडे दोन ओळींत उभे होते. या वेळी ह्यांनी फोटो काढला नाही. मग माझ्या शेजारी येऊन बसले, बुटाची नाडी सोडता सोडता खाली बघत हळूच म्हणाले, "काय गं, पुढच्या सभेत परत एकत्र सरासरीचं विचारू का?"

ते थट्टा करत नव्हते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लक्षात आलं की मला आता त्यांचा रागही येत नाही. त्या गोष्टीचं मात्र मला फार वाईट वाटलं.