टाकी, नळ आणि कितीबाई

कितीबाईंपुढे 'थोडे' म्हणायची सोय नव्हती. "बाई, थोडे पाणी पिऊन येऊ?" असे विचारले की "थोडे म्हणजे किती? पाव तांब्या की अर्धा?" हे ठरलेले. त्यांचे खरे नाव शाळेच्या दप्तरात होते. डिचोलीकडच्या आमच्या गावात ते कोणाला लागले नाही.

अपूर्णांक त्या पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, पावावर शिकवत. पाव एकाने चौघांसाठी कापायचा आणि कापणाऱ्याने आपला तुकडा सगळ्यांत शेवटी उचलायचा. एवढ्या एका नियमाने आमचे चारही भाग सारखे होऊ लागले. न्यायावरची जाड पुस्तके मी पुढे वाचली. त्यांत याहून फारसे जास्त सापडले नाही.

पुस्तकातल्या उदाहरणांवर त्यांचा विश्वास नव्हता. "हा रमेश पाऊण किलो लाडू एकटा खातो? आजारी पडेल मेलो!" म्हणत त्या रमेशला काढून गावातली माणसे घालत.

मग गावात पाण्याची टाकी आली. उद्घाटनाला फीत, सनई आणि टाकीहून जरासाच लहान असा सरपंचांचा फलक. पाणी आधी खालच्या वाड्याला जाई. उरेल ते वर आम्हाला. माझी आई झरीवरून पाणी आणतच राहिली.

टाकीला पातळी दाखवणारी नळी होती. बाई काही दिवस सकाळी तिच्यापुढे उभ्या दिसल्या. मग फळ्यावर उदाहरण आले: "टाकीतले पाऊण पाणी खालचा वाडा घेतो, उरलेले पाव वरचा. घरे दोन्हीकडे सारखीच. तर वरच्या घराला खालच्या घराच्या कितवा हिस्सा पाणी मिळते? घरी विचारून या."

आई आमटी ढवळत होती. "तिसरो वांटो," ती मागे न वळता म्हणाली. "बाकीचें झरीवयलें माथ्यार घेवन हाडटां मगे!"

खालच्या वाड्यातल्या पोरांनीही तेच उत्तर आणले. त्यांच्या घरी ते मोठ्याने म्हणायला जरा वेळ लागला, एवढेच.

सरपंच शाळेत आले. "बाई, भुरग्यांक पुस्तकातलें शिकयात."

"पुस्तकातलेच आहे. टाकी आणि नळ. त्यात गावाचे नाव नव्हते, तेवढे मी घातले."

लवकरच पाणी अर्धे-अर्धे झाले. बाईंची पेडण्याच्या टोकाला बदलीही झाली. ती नेहमीचीच आहे, असे सांगण्यात आले. मुळगावच्या घरून चालत शाळेत येणाऱ्या बाईंना आता पहाटे म्हापशाची बस, तिथून दुसरी. फळ्यावर लिहिण्याआधी हाही हिशेब त्यांनी केला असणार. माझ्याजवळ मिरवण्यासारखे फार नाही. पण मी कितीबाईंचा विद्यार्थी, हे मी कोणी न विचारताही सांगतो.

निरोपाच्या दिवशी आईने त्यांना वर आमच्या घरी आणले आणि पाय धुवायला अंगणातला नळ पूर्ण सोडला. पाणी बाईंच्या पावलांवरून माडाच्या आळ्यात वाहू लागले.

"अगो, बंद कर, वाया जाता!" बाई म्हणाल्या.

"जावं दी, बाई," आई म्हणाली. "आज मोजूं नाकात."

बाई पाय न हलवता तशाच उभ्या राहिल्या.