काठीबाईंचा रविवारचा फोन

काठीबाई भर बाजारात डोळे मिटून चालत. भायंदरच्या केबिन रोडवरची संध्याकाळ माणसाला खांद्याने ढकलत असते, रिक्षा पावलांना चाटून वळतात, आणि त्या गर्दीत कडक इस्त्रीच्या सुती साडीतली एक उंच, सावळी बाई डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, पांढरी काठी डावी-उजवीकडे टेकवत, देवळात जावं तशी शांतपणे चाललेली असे. त्यांची दृष्टी उत्तम होती. सुईत दोरा त्या तिन्हीसांजेलाही दिव्याशिवाय ओवत. पण अंध मुलांना काठीच्या आधाराने एकट्याने फिरायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय होता, आणि "जो रस्ता मी स्वतः डोळे मिटून चालले नाही, तो मी कोणाला शिकवत नाही," असं त्या म्हणत. नवघरच्या आमच्या इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या काठीबाई. माझ्यासाठी नुसत्या बाई.

बाजारानेही त्यांना आपलंसं केलं होतं. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावरचा लिंबूवाला त्यांना पाहून हमखास ओरडे, "मॅडमजी, आँख पे पट्टी बाँध के भी सडा हुआ नींबू पकड लेती हो! हमको भी सिखा दो." बाई पट्टी न काढता उत्तर देत, "तू पहले सीधा तोलना सीख, फिर सिखाती हूँ." माझी आई हे गॅलरीतून ऐके आणि पुटपुटे, "एवढी शिकलेली बाई, पण पोरखेळ काही सुटत नाही हिचा." तीच आई बाईंना ताप आला की पेजेचं भांडं पदराआड धरून दोन मजले चढून जाई. बाईंचं दुसरं कोणी नव्हतं.

मी मराठीत एम. ए. केलं होतं, कविता लिहीत होते आणि विम्याच्या कचेरीत फायली हलवत होते. सुट्टीच्या दिवशी बाईंच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकं वाचून दाखवायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी धडा संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "आवाज छान आहे तुझा. पण तू वाचत नाहीस, शब्दांना कुरवाळतेस. त्यांना इतिहास हवाय, कवयित्रीबाई. तुझी थरथर नको." मी रागावून दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी बाई दारात उभ्या, हातात काळी पट्टी. "चल. रुसायचंच असेल तर बाहेर चालता चालता रूस."

त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी मला केबिन रोड दिला. हात धरू दिला नाही. "हात धरला की माणसाला सामानासारखं ओढतात. माझं कोपर धर. तुला हवं तेव्हा सोडता येईल." आधी नुसता कोलाहल होता, भिंतीसारखा. मग बाई एकेक वीट काढू लागल्या. पिठाच्या गिरणीची ऊब गालाला लागली, तिच्या पट्ट्याची लय कळली. कापडाच्या दुकानाशी कोऱ्या खळीचा कोरडा वास. मोगऱ्याच्या टोपलीपाशी हवा ओली. सुक्या बोंबलांचा वास ओलांडला की शिलाई मशीनची टकटक. एका ठिकाणी गालावरचा आवाज अचानक पातळ झाला. मी दचकले. "गल्लीचं तोंड," बाई म्हणाल्या, "भिंत संपली की कानाला कळतं. बोल, आता आपण कुठे आहोत?" मी बरोबर सांगितलं तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी तो आमचा खेळच झाला. त्यांनी विचारायचं, मी कानांनी उत्तर द्यायचं.

बाई स्वतः तरुणपणी मलावी या आफ्रिकी देशात दोन वर्षं राहून आल्या होत्या, तिथल्या सरोवराकाठच्या अंधशाळेत स्वयंसेवक म्हणून. जाण्यापूर्वी त्या इथल्या शाळेत मदतनीस होत्या. मुख्याध्यापकांसमोर उभं राहिलं की त्यांची वाचा बसे. परत आल्या आणि महिन्याभरात त्याच खोलीत जाऊन म्हणाल्या, "शिक्षकांना शिकवायचा वर्ग मला घेऊ द्या." पुढे दूरदूरच्या शिक्षिका त्यांच्याकडे शिकायला येत. हे धाडस कुठून आलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिथे मला भाषा येत नव्हती, रस्ता ठाऊक नव्हता. पाण्याचा नळ कुठेय हेसुद्धा दहा जणांना विचारावं लागे. विचारायची लाज एकदा गेली ना, की साहेबांचीही भीती जाते."

मग त्यांनी मलाही पाठवायचं ठरवलं. मलावीतल्या त्याच शाळेला ध्वनिमुद्रणाची खोली उभारायची होती; गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी अंध मुलांसाठी जपायच्या होत्या. मी शंभर कारणं काढली. कचेरी, आई, माझं कच्चं इंग्रजी. बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. "परक्या गावात आपण सगळेच आंधळे असतो, म्हणून जायचं. आणि हे बघ, कोणाचं भलं करायला चाललेय असं मनात आणू नकोस. नीट काम करायचं, नीट काम शिकायचं, आणि शिकलेलं इकडे घेऊन यायचं." मी वर्षभराची रजा काढली. आज मी जे काही आहे, ते त्या एका वर्षाने घडवलेलं आहे. आणि बाई त्याच वर्षात गेल्या.

निघण्याच्या दिवशी त्या इमारतीच्या फाटकापर्यंत आल्या. थोड्या वाळल्यासारख्या वाटल्या, विचारलं तर म्हणाल्या, "उपास करतेय. या वयात कंबर सापडते का बघतेय." मी वाकून नमस्कार करू लागले तशी त्यांनी खांद्याला धरून उठवलं. "पुरे. विमान तुझ्या कवितेसाठी थांबायचं नाही." एकच अट घातली. फोन दर रविवारी, त्या करतील. पण चेहरा बघायचा नाही, फक्त आवाज. "चेहरा पाहिलास की रडशील. तिकडचं नेट रडण्यासाठी नाही."

मलावीत मी खरोखरच आंधळी झाले आणि हळूहळू पाहायला शिकले. लाल मातीचा वास, मक्याच्या पिठाचा पांढराशुभ्र वाफाळता गोळा, सरोवरावरून पहाटे येणारा माशांचा ओला गंध. भिंतींना गोधड्या टांगून आम्ही ती खोली उभी केली. जिला कचेरीत चहाची सुट्टी मागायला संकोच वाटे, ती मी गावच्या मुखियापुढे बसून, मोडक्यातोडक्या शब्दांत, म्हाताऱ्यांनी यावं म्हणून भांडत होते. आणि रविवारी दुपारी फोन वाजे. भायंदरला तेव्हा संध्याकाळ असे. बाईंच्या आवाजाआधी केबिन रोड यायचा: हॉर्न, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, गिरणीच्या पट्ट्याची लय. "ओळख, कुठे उभी आहे?" "गिरणीसमोर!" "शाबास." मधेच त्या कोथिंबीरवाल्याशी हुज्जत घालत, "अरे, ये जुडी है की पूजा का हार? ताजी दे," आणि मी तिथे गोधड्यांच्या खोलीत पोट धरून हसे. आवाज बारीक येई, त्याचं खापर मी नेटवर फोडे. एकदा मला खूप एकटं वाटलं, परत यावंसं वाटतंय असं म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "खोली पुरी झाली का?" "नाही." "मग?"

अखेरच्या महिन्यात म्हणाल्या, कोकणात एका शाळेत शिकवायला चाललेय, तिकडे रेंज नाही. आता आलीस की बोलू.

मी परतले. आईने दार उघडलं, मला जवळ घेतलं, आणि म्हणाली, "आधी हातपाय धू. मग सांगते." पाणी हातांवरून वाहत होतं तेव्हाच मला समजलं होतं की काहीतरी आहे. बाई तीन आठवड्यांपूर्वी गेल्या होत्या. पोटातला आजार. रिपोर्ट माझा व्हिसा येण्याआधीच आला होता. "शपथ घातली होती गं तिने," आई म्हणाली. "पेज घेऊन जायची मी रोज. म्हणायची, तिला कळवलंत तर तुमच्या हातचं पाणी पिणार नाही."

माझा विश्वास बसेना. मी त्यांना दर रविवारी बाजारात ऐकत होते. भाजी घेणारी, भांडणारी, हसणारी बाई मरणाच्या वाटेवर कशी असेल?

ते कोडं लल्लनभाईंनी सोडवलं. ते आमच्या नाक्यावरचे जुने रिक्षावाले. मला पाहून रिक्षातून उतरले आणि डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. "आप ही वो बाहरवाली बिटिया हो ना? हर इतवार आप ही से बात करती थीं." मग त्यांनी सांगितलं. दोन मजले उतरताना बाई तीनदा जिन्यात बसत. रिक्षा केबिन रोडवर न्यायला लावत, गिरणीसमोर, भाजीवाल्यांच्या अगदी मधोमध. म्हणत, इंजिन बंद कर. मग डोळे मिटून काही क्षण नुसत्या ऐकत, आणि फोन लावत. "बोलते टाइम एकदम टनाटन. फोन रखते ही सीट पे लेट जाती थीं. धनिया मैं घर ले जाता था. वो तो कुछ खा ही नहीं पाती थीं."

ज्या कानांना त्यांनी रस्ता ओळखायला शिकवलं, त्याच कानांसाठी त्यांनी तो रस्ता दर आठवड्याला मांडला होता. त्यात स्वतःला उभं केलं होतं. ताठ, निरोगी, कोथिंबिरीवरून भांडणारं. माझ्यासाठी केलेलं इतकं कष्टाचं काम त्यांनी दुसरं कुठलंच केलं नसेल. आणि त्याच कामाने मला त्यांच्या उशाशी बसू दिलं नाही. मला कळलं असतं तर मी मिळेल त्या विमानाने आले असते. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

ती खोली पुरी झाली. तिच्या जोरावर मी विम्याची कचेरी सोडली. आज एका संस्थेत अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारा विभाग सांभाळते, परदेशी जाणाऱ्या तरुण स्वयंसेवकांची तयारीही करून घेते. सभांमधून मला विचारतात, बाहेर जाऊन काय मिळतं? मी सांगते: भीती जाते, विचारायची लाज जाते, आपल्या कामाचा खरा आकार दिसतो, पुढची दारं उघडतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे. तो उच्चारताना मात्र दर वेळी माझ्या नाकाशी ओल्या कोथिंबिरीचा वास येतो.

मी एक गोष्ट करते. कोणाला पाठवण्याआधी त्याच्या घरी जाऊन येते. सहकारी हसतात, हे काही निवडीच्या नियमांत नाही. गेल्या महिन्यात समुद्रकाठच्या तारोडी गावात गेले होते. तिथली लवीना, नर्सिंग झालेली हुशार मुलगी, केनियाला निघाली आहे. विधवा आई आणि ती, दोघीच घरात. अंगणात आई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. वाऱ्याला मिठाची चव होती. मी पायरीवर बसून तिच्याकडे पाहत राहिले: दंड भरलेले आहेत का, वाकताना हात पोटाकडे जातो का, डोळ्यांच्या कडा पिवळ्या तर नाहीत.

तिने ते ताडलं. "अशी काय बगतेस गो बाय? मी काय मावरं हाय, कल्ले उगडून ताजं हाय का बगायला?"

लवीना ओशाळून हसली. मी विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना? अगदी खरं सांगा. काही दुखत नाही ना?"

"मना काय धाड भरलीय? बरी हाय मी. जाऊ दे पोरीला."

ती पुन्हा बांबूकडे वळली. एक बोंबील सारखा केला, दुसरा केला. मग लवीना पाणी आणायला आत गेलीय हे पाहून माझ्याजवळ आली, ओले हात लुगड्याला पुसले आणि हसत, हळू आवाजात म्हणाली,

"आन् बरी नसते, तं तुला सांगितलं असतं काय?"

लवीना पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. मी तो न पिता तिच्या आईपुढे धरला.