टिचकी मारून घेतलेली एकतारी

वऱ्हाड मध्य प्रांतात होता तेव्हा अमडापूरच्या बाजारात मी माझ्या हातच्या एकताऱ्या विकायला बसायचो. गिऱ्हाईक सगळे पुरुष. एकदा पिकल्या केसांची एक बाई समोर येऊन बसली. मी विचारलं, "कोणासाठी पाह्यजे, माय? मालकासाठी?"

"मलेच. आता कुठं शिकून राह्यली. सस्ती दे, पण गाणारी दे."

मी रंगीत, गोंडेवाली पुढे केली. तिनं तार छेडलीच नाही. बायका माठ घेताना मारतात तशी भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि ती बाजूला ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी कोपऱ्यातली बिनरंगाची उचलली, टिचकी मारली आणि हसली. "हे बोलते."

शेजारचे दुकानदार खो खो हसत होते. मलाच अवघडल्यासारखं झालं. मी फडकं काढलं. "गुंडाळून देतो, माय. लोक पाहतीन."

"पाहू दे ना बे! चोरून नेऊन राह्यली काय मी?"

एकतारी खांद्याला लावून, बेसूर तार छेडत ती भर बाजारातून निघाली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लोक वळून वळून पाहू लागले, तसा मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "माझ्या हातची हाये ते!"