एकसष्ट आंघोळी आणि एक फ्रेंच माघार

शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या लक्षात आलं, की सोमवारी डोरीनबाईंना एकसष्ट वेळा आंघोळ घातली जाणार आहे.

डोरीनबाई इथे ऑस्ट्रेलियात, ब्लॅकटाउनला राहतात. वय एक्क्याण्णव. आठवड्यातून तीनदा एक केअरर त्यांच्या घरी जाते, आंघोळ घालते, गोळ्या देते, चहा करून देते आणि पुढच्या घरी जाते. केअरर पाठवणाऱ्या संस्थेचं नवं रोस्टर सॉफ्टवेअर आम्ही बसवत होतो. कोणी, किती वाजता, कुणाच्या दारात उभं राहायचं हे ते ठरवणार. त्याने सोमवारच्या एकसष्ट भेटी एकट्या डोरीनबाईंच्या पत्त्यावर टाकल्या होत्या. उरलेल्या साठ म्हाताऱ्या माणसांकडे कोणीच जाणार नव्हतं. त्यातल्या काहींना स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचता येत नाही.

मी रिलीज मॅनेजर. म्हणजे सॉफ्टवेअर मी लिहीत नाही. जुनं उठवून नवं बसवायच्या दिवशी कोणी काय किती वाजता करायचं, ते मी बघते. लग्नात हातात यादी घेऊन फिरणारी एक मावशी असते ना, ते काम. त्या यादीला आम्ही रनबुक म्हणतो. नवं चालू झालं की गो-लाइव्ह. नाही जमलं आणि निमूटपणे जुन्यावर परत आलो, तर रोलबॅक.

परत यायलाही मुदत असते. दुपारी दोन वाजता सगळ्या केअरर्सच्या फोनवर पुढच्या आठवड्याचं रोस्टर जातं आणि जुनी यादी पुसली जाते. दोननंतर आमच्या हातात फक्त डोरीनबाईंचा पत्ता उरला असता.

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर ग्रेग. माणूस वाईट नाही, पण त्याला युद्धाचा फार नाद. पॅरामॅटाच्या आमच्या ऑफिसात ज्या मीटिंग रूममध्ये एरवी वाढदिवसाचे केक कापतात, तिच्या दारावर त्याने ‘वॉर रूम’ अशी पाटी लावली होती. प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी तो पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेवर स्लाइड्स दाखवतो. रोस्टर सॉफ्टवेअरचा आणि गॅलिपोलीचा संबंध काय, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

त्याच्या टीममध्ये बेनुआ नावाचा फ्रेंच माणूस आहे. डेटाबेस सांभाळतो. ऑफिसात सगळे त्याला बेन म्हणतात, कारण त्यापुढे आमचा धीर सुटतो. तो आल्यापासून ग्रेगच्या ‘पळपुट्या फ्रेंचां’वरच्या विनोदांना बहर आला होता. विकायला काढलेली फ्रेंच बंदूक, कधीही न चाललेली, फक्त एकदा खाली टाकलेली. फ्रेंच रणगाड्याला गिअर पाच, त्यातले चार रिव्हर्स. बेनुआ ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “हा मला शाळेत एका इंग्रजाने सांगितला होता. त्याने जास्त चांगला सांगितला.”

दीड महिन्यापूर्वी आम्ही रनबुक भरत होतो. त्यात एक रकाना असतो, रोलबॅक ओनर. परत फिरायचं की नाही, हे ठरवणारा माणूस. हा रकाना आम्ही शेवटी भरतो, कारण अपयशाखाली स्वतःचं नाव कोणाला नको असतं.

ग्रेग म्हणाला, “माघार घ्यायची असेल तर एक्स्पर्टलाच विचारा, मेट.”

खोलीत हशा पिकला. निखिलने, म्हणजे आमच्या पुण्याच्या डेव्हलपरने, हसत हसत बेनुआचं नाव टाइप केलं. टायटलमध्ये ‘राष्ट्रीय अनुभव : भरपूर’ असंही टाकलं होतं, ते मी पुसायला लावलं. नाव पुसायला सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही. ते तसंच गेलं. ग्रेगने सही केली. क्लायंटच्या मॅनेजर शेरिल, त्यांनीही केली. वाचलं कोणीच नाही. रनबुक हा सही करण्याचा कागद आहे, वाचण्याचा नाही, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे.

त्या दिवशी लिफ्टमध्ये मी निखिलला विचारलं, “पुरंदरच्या तहात आपण तेवीस किल्ले दिले. त्याला काय म्हणतात?”

“ते राजकारण होतं.”

“आणि फ्रेंचांनी दिले असते तर?”

“मग शरणागती.” लिफ्टचं दार उघडलं. “मीनल, तू पण ना. साध्या जोकला इतिहासाचा तास लावतेस.”

तास नव्हता, हिशेब होता. आपण हरलो की पोवाडा, शेजारी हरला की विनोद. पानिपतावर आपण किती पिढ्या हळवे होत आलोय. ऑस्ट्रेलियन लोक दर एप्रिलमध्ये पहाटे उठून ज्या गॅलिपोलीच्या मोहिमेची आठवण काढतात, तीही ते हरलेच होते. त्यात मला काही वावगं वाटत नाही. सवलत सगळ्यांना सारखी मिळावी, एवढंच.

बेनुआने मात्र तो रकाना गंभीरपणे घेतला. आमचा गो-लाइव्हचा प्लॅन चार पानी होता. त्याने रोलबॅकचा प्लॅन लिहिला एकतीस पानी. कोणती फाइल कुठून उचलायची, कुठे ठेवायची, कोणाला फोन करायचा, त्याने नाही उचलला तर कोणाला. त्याची त्याने दोनदा रंगीत तालीम घेतली. दोन्ही वेळा प्रेक्षक मी एकटी, आणि तेही माझं कामच असल्यामुळे. चौदावी पायरी होती, ‘जेवण. पस्तीस मिनिटं. कीबोर्डला हात लावायचा नाही.’

“हे काय?” मी विचारलं.

“डेटाबेस परत यायला पस्तीस मिनिटं लागतात. स्क्रीनसमोर बसलेला माणूस तेवढ्यात काहीतरी दाबतो. जेवणारा दाबत नाही.”

वीस वर्षांच्या नोकरीत इतकी शहाणी सूचना मी कुठल्या कागदावर वाचली नव्हती.

तर, शनिवार. निखिलने चूक शोधली. जुन्या सिस्टिममध्ये ज्यांच्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर वेगळ्या रकान्यात होता, त्यांचा पत्ता नव्या सिस्टिमला वाचता येत नव्हता. पत्ता कळला नाही की ती यादीतला पहिला पत्ता लावत होती. पहिला पत्ता डोरीनबाईंचा.

“सोपं आहे,” ग्रेग म्हणाला. “जागच्या जागी दुरुस्त करा. आपण पुढेच जायचं.”

निखिलने घाईघाईने दुरुस्ती केली. पावणेबाराला सगळ्या एकसष्ट भेटी डोरीनबाईंकडून हलल्या आणि संस्थेच्या स्वतःच्या हेड ऑफिसवर गेल्या. आता सोमवारी एकसष्ट केअरर ऑफिसात जाऊन रिसेप्शनिस्टला आंघोळ घालणार होत्या.

“प्रगती आहे,” ग्रेग म्हणाला.

दुसरी दुरुस्ती साडेबाराला झाली. या वेळी पत्ते खरे आणि वेगवेगळे दिसत होते. ग्रेगने टाळ्या वाजवल्या. फोनवर असलेल्या शेरिल यादी वाचत होत्या. मध्येच त्यांचा आवाज बदलला.

“हे मिस्टर कॉलिन्स,” त्या म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी वारले. मी फ्युनरलला गेले होते.”

निखिलने जुने पत्ते आणताना बंद झालेली खातीही उघडली होती. नऊ मृत माणसांना सोमवारी सकाळी नाश्ता मिळणार होता. जिवंतांपैकी नक्की किती जणांना मिळणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

बेनुआ उठला. “मी रोलबॅक करतोय.”

“बस खाली, मेट. माझ्या प्रोजेक्टमध्ये माघार नसते.”

“तुझ्या प्रोजेक्टमध्ये आहे. रनबुकचं पान सात.”

“ती चेष्टा होती!”

“सहीसुद्धा?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. यादी माझ्या हातात होती. खरं सांगते, मी लगेच बोलले नाही. माझं अप्रेझल ग्रेग लिहितो. पण घड्याळात बारा चाळीस झाले होते आणि रोलबॅकला तासभर लागतो. मी पान सात उघडलं आणि मोठ्याने वाचलं. ऑडिटवाल्यांनी कधीकाळी टेम्प्लेटमध्ये घातलेलं वाक्य होतं ते. ‘हा निर्णय फक्त रोलबॅक ओनरचा. प्रोजेक्ट मॅनेजरच्या संमतीची आवश्यकता नाही.’

ग्रेगने कागद ओढून घेतला. स्वतःचीच सही त्याने दोनदा पाहिली.

“क्लायंटला काय सांगू?” तो म्हणाला. “सकाळभर लढलो आणि पळून आलो?”

“क्लायंट ऐकतेय,” फोनवरून शेरिल म्हणाल्या.

बेनुआ त्याच्या शेजारी बसला. चिडलेला नव्हता. “ग्रेग, तुझ्या स्लाइड्समध्ये सगळ्यात चांगली कुठली होती, आठवतं? गॅलिपोलीहून परत निघाल्याची. पाणी ठिबकून डबा भरला की आपोआप उडणाऱ्या बंदुका मागे ठेवून, जवळजवळ एकही माणूस न गमावता. त्या मोहिमेत ठरल्याप्रमाणे झालेलं तेवढंच होतं, असं तूच म्हणालास. तेव्हा तुझा आवाज भरून आला होता.”

ग्रेगने हातातला कागद टेबलावर ठेवला.

“माझ्या गावात चाळीस घरं आहेत,” बेनुआ म्हणाला. “चौकात एक दगड आहे, त्यावर नावं. एकच आडनाव चार-चार वेळा. तुमच्या गावांतही मी तसेच दगड बघितलेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी कोणीतरी वेळेवर परत बोलवायला हवं होतं. मी आता बटण दाबतो, चालेल?”

ग्रेगने छातीत हवा भरली. “टीम,” तो म्हणाला, “आपण स्ट्रॅटेजिक माघार घेतोय. हा माझा निर्णय आहे.”

“नो वरीज,” बेनुआ म्हणाला. बटण त्याने आधीच दाबलं होतं.

पुढे सगळं एकतीस पानांप्रमाणे झालं. चौदाव्या पायरीला आम्ही कीबोर्ड सोडून बाल्कनीत बान्ह मी, म्हणजे फ्रेंच पावातलं व्हिएतनामी सँडविच, खायला बसलो. ग्रेग स्क्रीनकडे जायला निघाला, तसं मी त्याच्या हातात दुसरा बान्ह मी दिला.

निखिलला राहवेना. “बेन, व्हिएतनाममधून तुम्ही हरून निघालात, पण पाव शिकवून गेलात.”

“पाव राहिला ना,” बेनुआ म्हणाला. “अमेरिकन लोकांचं काय राहिलं, विचार.”

एक छत्तीसला जुनी सिस्टिम उभी राहिली. दोन वाजता फोनवर जुनं, बरोबर रोस्टर गेलं. सोमवारी एकसष्ट माणसांकडे एकसष्ट केअरर गेल्या. डोरीनबाईंना एकच आंघोळ मिळाली, आणि शेरिलनी सांगितलं की तीही त्यांना नकोच होती.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गो-लाइव्ह केलं. या वेळी व्यवस्थित झालं. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात कंपनीने ‘धाडसी निर्णय’ असं एक पारितोषिक दिलं. ते ग्रेगला मिळालं. काचेचा सिंह होता. बेनुआने सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. शेरिलनी मात्र पुढच्या कामाच्या करारात एक कलम घातलं, की रोलबॅक ओनर बेनुआच असेल, आणि तो रजेवर असेल तर गो-लाइव्ह होणार नाही.

नवीन रिलीज मॅनेजर मला विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगते. परत फिरायचं कोणी ठरवायचं, त्याचं नाव आधी लिहून ठेवा. चेष्टेत लिहिलं तरी चालतं. आम्ही गंभीरपणे लिहिलं असतं, तर तिथे ग्रेगचं नाव आलं असतं.