मेंढराच्या गळ्यातली आठवण

स्टाफरूममध्ये किस्से कोणी जमवत नाही. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप साचतात आणि कोट झटकला की निघतात. मारेगावजवळच्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो, पण माझी खरी नोकरी वेगळीच होती. माझी खुर्ची राठोड मास्तर आणि ढवस मास्तर यांच्या मधोमध होती, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

राठोड मास्तर इतिहास-भूगोलाचे, ढवस मास्तर गणिताचे. तरुणपणी मुकुटबनला एका खोलीत राहून, एका चुलीवर भाकरी भाजून दोघांनी नोकरीची पहिली वर्षं काढलेली. मग ढवस मास्तरांनी राठोड मास्तरांच्या किसनला नववीत गणितात नापास केलं. तीन मार्क कमी पडले होते. किसनने शाळा सोडली, झरीकडे लाकडाच्या ट्रकवर गेला, तिथे चांगला गुटगुटीत झाला. रस्त्यात ढवस मास्तर दिसले की ट्रक थांबवून "काका, बसता का?" म्हणायचा. फुगून बसला होता तो बाप, आणि तेही सात वर्षं.

दोघांचा सगळा कारभार माझ्यामार्फत चालायचा. राठोड मास्तर म्हणायचे, "सांगजो त्याले, खिडकी लाव." मी उजवीकडे वळून सांगायचो, "मास्तर, खिडकी." ढवस मास्तर म्हणायचे, "सांगजो त्याले, उकडून राह्यलं." मी डावीकडे वळायचो. पोरांनी माझं नाव तारमास्तर पाडलं होतं.

*

महाराष्ट्र झाला त्या वर्षी एप्रिलात राठोड मास्तर गळ्याला मफलर गुंडाळून शाळेत आले. बाहेर कावळे चोची उघड्या टाकून बसलेले, आणि यांना थंडी वाजत होती. चेहरा सुजलेला, आवाज जाडाभरडा. चालणं असं की या घंटेला निघाले तर वर्गात पोचेपर्यंत पुढची घंटा व्हायची.

हेडमास्तरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "राठोड, तब्येत सुधारली बरं तुमची."

*

पावसाळ्यात इन्स्पेक्टर आले. पाचवीच्या पोरांना त्यांनी विचारलं, आपलं राज्य कोणतं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मध्य प्रदेश!"

इन्स्पेक्टरांनी राठोड मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बराच वेळ विचार केला. तेवढ्यात हेडमास्तरांना दोनदा घाम पुसावा लागला.

"साहेब," मास्तर म्हणाले, "आधी मध्य प्रदेश होतं, मंग मुंबई झालं, आता म्हणते महाराष्ट्र. सरकारचंच ठरून नाही राह्यलं, तं मलेच काहून धरता?"

इन्स्पेक्टर हसले, म्हणून निभावलं. पण आम्हाला कळत होतं की मास्तर चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

*

आणि मग एका सकाळी ते थेट ढवस मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. "काय बे ढवस, चुना हाय का?"

मी सवयीप्रमाणे उजवीकडे वळलो, "मास्तर, चुना..."

"तू गप," ढवस मास्तर मला म्हणाले. "मलेच इचारलं त्यानं."

त्यांनी डबी उघडून राठोड मास्तरांपुढे धरली. त्या दिवसापासून दोघे रोज शेजारी बसू लागले. मुकुटबनच्या खोलीत भाकरी जळाली होती ती गोष्ट राठोड मास्तर सांगायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच सांगायचे. ढवस मास्तर दोन्ही वेळा पोट धरून हसायचे. भांडण राठोड मास्तरांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं, आणि मी बेकार झालो होतो.

*

एकदा राठोड मास्तर पाचवीची हजेरी घेत होते. कॅटलॉग कपाटातच राहिला होता, नावं तोंडपाठ चालली होती. अडचण एवढीच की ती नावं फार जुन्या वर्गाची होती. पोरं पक्की बदमाश, प्रत्येक नावाला कोणीतरी "हजर सर" ठोकून देत होतं.

"किसन राठोड?"

"हजर सर," मागच्या बाकावरून आवाज आला.

राठोड मास्तर तिकडे बघून प्रेमाने म्हणाले, "गणितात ध्यान दे बापू. ढवस काका नापास करीन तुले."

शेजारच्या वर्गात ढवस मास्तर फळ्यावर भागाकार करत होते. तो भागाकार तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दोघांची रजा टाकून ते मला म्हणाले, "चाल आमच्यासंग यवतमाळले. मी एकटा नाही नेऊ शकत याले."

*

यवतमाळच्या डॉक्टरांनी मास्तरांचा मफलर काढला, गळा चाचपला, टाचेच्या वर हातोडी मारून पाहिली. पाय हलला, पण परत जागेवर यायला त्याने बराच वेळ घेतला.

"पायबी इसरला वाटते," राठोड मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं की गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिच्या रसावर सगळं शरीर चालतं, मेंदूसुद्धा. रस कमी पडला की आठवण, विचार, बोलणं, सगळं मंदावतं. "कापसाचं जिन ठीक आहे, त्याचा पट्टा सैल पडलाय," ते म्हणाले. मग औषध दिलं. मेंढराच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून केलेली गोळी, रोज एक.

"मेंढरू?" राठोड मास्तरांना ते पटलं नाही. "मेंढरू तं दुसऱ्याच्या मांगं मांगं चालते. त्याले काय आठवते? बोकडाची नाही का? नाही तं पावशेर मटणच लिहून द्या."

निघताना ढवस मास्तर दारात थांबले. "डॉक्टरसाहेब, याले सगळंच आठवीन का?"

"हळूहळू सगळं."

"मांगचंबी?"

"मागचंच तर आठवायचं असतं."

ढवस मास्तरांनी पुडीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अर्धी गोळी देली तं?"

डॉक्टर असे बघायला लागले की मीच ढवस मास्तरांना बाहेर ओढलं.

*

गोळी घ्यायची आठवण राठोड मास्तरांना कधीच नसायची. म्हणून ढवस मास्तर ती आपल्याच खिशात ठेवायचे आणि मधल्या सुट्टीत पाण्याचा गिलास घेऊन त्यांच्यापुढे उभे राहायचे. आम्ही चिडवायचो की स्वतःच्या हाताने दुश्मन तयार करून राहिले.

महिन्यांमागून महिने गेले आणि मफलर सुटला, आवाज मोकळा झाला. राठोड मास्तरांना आठवत नाही म्हणून हेडमास्तर वाटेल तेव्हा जादा तास चिकटवायचे, तेही एक दिवस थांबलं. "मांगच्या हप्त्यात मीच घेतलता," राठोड मास्तरांनी तोंडावर सांगितलं. हेडमास्तरांनी मग ढवस मास्तरांना कोपऱ्यात घेतलं. "ही पुडी संपली की दुसरी आणायलाच पाहिजे का?"

मीही शेवटी म्हणालो, "मास्तर, आता द्यायची बंद करा. थोडे विसरलेले राहू द्या. बोलतात तरी तुमच्याशी."

ढवस मास्तर माझ्यावर भडकलेच. "बोलत नव्हता तवाबी तो राठोडच होता. हा जो चुना मांगते, तो कोण हाय?"

मला फार वाईट वाटलं. ते गिलास भरायला निघून गेले.

*

मग तो दिवस आला. मधली सुट्टी झाली. राठोड मास्तर आले, माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसले आणि खुर्ची फिरवून त्यांनी पाठ केली, अगदी पूर्वीसारखी. कोणाला काही सांगावं लागलं नाही. ढवस मास्तरांचा हात खिशात गेला होता, तो तिथेच राहिला.

"सांगजो त्याले," राठोड मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "किसन तीन मार्कानं गेलता."

मी उजवीकडे वळलो. "मास्तर, किसन. तीन मार्क."

ढवस मास्तरांनी घसा खाकरला. "सांगजो त्याले, आज पेपर तपासला तरी तीनच कमी भरन."

मी कपाळाला हात लावला. या माणसाला एकदा तरी खोटं बोलता येऊ नये! तरी डावीकडे वळून तसंच्या तसं सांगितलं. बाहेर शिपाई घंटेकडे निघाला होता.

"इचारजो त्याले," भिंतीकडूनच आवाज आला, "सुट्टी सरून राह्यली. माही गोळी कुठं हाय?"