लेन्सचा पाय घेऊन कोल्हापूरला

बुधवारी सकाळी शालन ज्या रिक्षात होती ती उलटली. शालन गेली. तिच्या पिशवीत कॅमेरा होता आणि लेन्स होती. कॅमेरा आणि लेन्सच्या काचा राहिल्या. लेन्सचा पाय मोडला.

शालन माझी पत्नी. सोलापुरात ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायची. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो, आता निवृत्त आहे. ती तलावाच्या काठी ट्रायपॉड लावून उभी राही, मी शेजारी घडीच्या खुर्चीत वाचत बसे. तिच्या सामानातले मला फारसे कळत नसे. लेन्सला पाय असतो, हेही तो मोडल्यावरच नीट कळले. लांबचे टिपणारी मोठी लेन्स कॅमेऱ्यापेक्षा जड असते, म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा नव्हे तर लेन्सच बसवतात. लेन्सच्या अंगाभोवती एक कडे असते आणि त्या कड्याला खालून स्क्रूने बसवलेला, काटकोनात वळलेला धातूचा तुकडा असतो. तोच पाय. उभे करायचे तेव्हा तो ट्रायपॉडवर टेकतो. उचलून न्यायचे तेव्हा त्याचीच मूठ होते, पाय आणि लेन्स यांच्यामधल्या फटीत बोटे घालून लेन्स धरायची.

सोलापूरच्या दुकानदाराने सांगितले की कंपनीने ती लेन्स बनवणेच थांबवले आहे. दुसऱ्या कुणाचा तरी पाय मागवून देतो म्हणाला. मला दुसरा नको होता. होता तसाच हवा होता. शालनने ठेवली होती तशी तिची लेन्स घरात असावी, त्या महिन्यांत मला ठामपणे हवी असलेली ही एकच गोष्ट होती. शालनचे माहेर कोल्हापूर. तिच्या धाकट्या भावाचा, विलासचा, तिथे उद्यमनगरात पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. मोडलेल्या पायाचे दोन तुकडे रुमालात बांधले, लावून बघायला कॅमेरा आणि ट्रायपॉड बॅगेत घातले, लेन्स मांडीवर घेतली आणि एस.टी.त बसलो.

मंगळवेढा, सांगोला मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बाभळी आणि उघडी माळराने होती. मिरजेनंतर जमीन बदलली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे रेंगाळणारी आमची गाडी. जयसिंगपूरला एक फेटेवाले गृहस्थ शेजारी येऊन बसले. थोडा वेळ त्यांनी माझ्या मांडीकडे पाहून घेतले.

"पावणं, (पाहुणे, इकडे अनोळखी माणसालाही असेच म्हणतात) ही तोफ कुठं घिऊन चाललासा?"

"कॅमेऱ्याची लेन्स आहे. पक्ष्यांच्या फोटोंसाठी."

"मग आमच्या शिरोळला या की! पुराचं पाणी वसरलं की बगळ्यांनी रान पांढरं हुतंय. फोटू काढून काढून बोटं दुखतील."

"मी फोटो काढत नाही."

"काढत न्हाई?" त्यांनी फेटा मागे सरकवला. "मग तोफ कशाला वागवालाय मांडीवर?"

मी हसलो. दुरुस्तीला नेतोय, असे म्हणालो. ते खरे होते, पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, आणि हे त्यांनाही कळले असावे. हातकणंगले येईपर्यंत ते पुढच्या बाकावरच्या माणसाशी उसाच्या तोडीविषयी बोलत राहिले.

स्टँडवर विलास आला होता. "दाजी!" अशी त्याने लांबूनच हाक मारली. मी उतरलो तरी त्याची नजर क्षणभर गाडीच्या दारातच राहिली. सासुरवाडीला मी एकटा कधी आलो नव्हतो. मग त्याने माझी बॅग घेतली आणि लेन्ससाठी हात पुढे केला. मी दिली नाही.

उद्यमनगरला त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. विलासला रिकामे बसवत नाही. जेवणे आटोपताच त्याने मला मोटारसायकलवर घालून राजारामपुरीत इम्तियाजभाईंकडे नेले. माहेरी आली की शालन त्यांच्याकडून कॅमेरा साफ करून घ्यायची. अरुंद दुकान, काचेच्या कपाटात जुने कॅमेरे, पंख्याचा आवाज. इम्तियाजभाईंनी लेन्स दोन्ही हातांनी घेतली आणि तिच्या काचेवर टॉर्च मारून पाहिले.

"काच सलामत हाय," ते म्हणाले. "मॅडमची चीज. ऐकलं तवा दुकान बंद करून घरी गेलतो मी."

त्यांनी एका फडक्यावर तीन पाय मांडले. एक लांबट, त्याच्या तळाला ट्रायपॉडवर थेट सरकवायची खाच. एक बुटका, जवळजवळ शालनच्यासारखा. तिसरा उंच. भोके लावून पाहिली. लांबट आणि बुटका, दोन्हींची भोके आमच्या कड्याशी जुळेनात. उंच जुळला.

"ह्यो बसतोय. पण उंच पायावर लेन्स जरा हलती, वाऱ्याला जास्तच. मूठ मात्र भरून येती. धरून बघा."

"नको," मी म्हणालो. "हिचा बुटका होता."

"वापरणार कोण?"

मी विलासकडे पाहिले, विलासने पंख्याकडे पाहिले.

"न्हाई, त्यावर ठरतंय म्हणून इचारलं," इम्तियाजभाई मऊपणे म्हणाले. "इकायची आसंल तर कसलाबी चालतोय. वापरायची आसंल तर हात बघाय पायजे."

"घेऊ नका दाजी," विलास एकदम म्हणाला. "आक्काच्या लेन्सला बाजारचा पाय? माझा कारखाना काय बंद पडलाय?"

"मग इथं चहा प्यायला आलतास व्हय?" इम्तियाजभाईंनी विचारले, आणि खरोखरच चहा मागवला.

रात्री सुनीताने, विलासच्या बायकोने, माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज) केले होते. "प्रवासानं अंग आंबलं आसंल, घ्या दाजी," म्हणत तिने दुसऱ्यांदा वाटी भरली. शालन सोलापुरात हे करायची तेव्हा इथल्यासारखे जमत नाही म्हणून हळहळायची. मला दोन्हींतला फरक कधी कळला नव्हता. त्या रात्रीही कळला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, पत्र्याच्या छपराखाली ओळीने यंत्रे. विलासने रुमालातले तुकडे जोडून टेबलावर ठेवले. मग माझा हात ओढून त्यांच्या शेजारी ठेवला.

"ह्या फटीत तुमची बोटं शिरायची न्हाईत. वाढवतो बोटभर."

"होता तसाच कर."

"आवं, आक्काचा हात एवढासा. तुमचा पंजा बघा की!"

"विलास, मला तिच्या मापाचाच हवा आहे."

त्याने तुकडे खाली ठेवले. बोलला तेव्हा यंत्राच्या आवाजावरून ओरडून बोलला, त्यामुळे ते सगळ्या कारखान्याला ऐकू गेले. "आक्का न्हाय आता, दाजी! कपाटात ठेवायला पाय कशाला लागतोय? आडवी ठेवा की तशीच!"

कामगार आपापल्या यंत्रावर वाकले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. समोर एक माणूस हातगाडीवर लोखंडी चकत्या रचत होता. मला राग आला होता, म्हणून मी त्या चकत्या मोजू लागलो. थोड्या वेळाने आतून त्याची हाक आली.

"या आत. करतो. दाजी म्हणतील तसं."

ॲल्युमिनियमचा ठोकळा त्याने स्वतः यंत्रावर लावला. एक भोक चुकले, ठोकळ्याला एक शिवी मिळाली, दुसरा ठोकळा आला. दुपार कलेपर्यंत पाय तयार झाला. रंग चांदीसारखा होता, एरवी अगदी तसाच. स्क्रू आवळून विलासने लेन्स टेबलावर उभी केली आणि तिच्याकडे न बघता हात पुसत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, उभी राहते का बघायला पाहिजे, पन्हाळ्याला जाऊ. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर धुके होते. गडाच्या वळणांवर विलास नेहमीपेक्षा हळू चालवत होता. वर एका टपरीवर चहा घेतला आणि तीन दरवाजा नावाच्या गडाच्या जुन्या दारापुढे तटाच्या कडेने चालू लागलो. ट्रायपॉड त्याच्याकडे, लेन्स माझ्याकडे. पायाला धरून न्यावी म्हणून मी बोटे घातली. दोनच शिरली, तीही पेरापर्यंत. लेन्सचे वजन त्या दोन बोटांवर येऊ लागले. मग मी नेहमीसारखी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"लेकरागत धरलासा," विलास म्हणाला. टोमणा असावा, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

तटाजवळ ट्रायपॉड लावला. लेन्स उभी राहिली, हलली नाही. विलासने तेवढे पाहून मान डोलावली आणि लांब जाऊन बसला. मी सहज कॅमेऱ्याला डोळा लावला. आधी नुसते पिवळे-करडे काही दिसले. फोकसचे कडे फिरवत गेलो तसा त्यातून एक दगड स्पष्ट झाला, दगडांमधली फट झाली आणि त्या फटीत डोळे. पिंगळा होता, छोटे घुबड. उन्हात डोळे बारीक करून तो माझ्याकडेच बघत होता. शालन अशा वेळी हात हलवून मला बोलवायची. मी उठून बघायचो, छान आहे म्हणायचो आणि पुस्तकाकडे परतायचो. ती मात्र तिथेच राहायची. तेवढ्या वेळात तिला काय दिसे, हे मी तिला विचारले नव्हते. आता मला दिसत होते: पिंगळ्याने मान वाकडी केली, एक डोळा मिटला, अंग फुगवले, पुन्हा चोरून घेतले. किती वेळ गेला कळले नाही.

तो उडून तटाच्या वरच्या अंगाला बसला. मला लेन्स झटकन वळवायची होती. मी पायाजवळ हात घातला, बोटे धातू आणि लेन्स यांच्यात अडकली, ओढून काढताना एका बोटाचे सालटे निघाले. पुन्हा डोळा लावला तेव्हा पिंगळा नव्हता.

विलास उठून आला. त्याने माझे बोट पाहिले आणि खिशातला रुमाल दिला. मी तो बोटाला गुंडाळला.

"विलास, बोटं मावत नाहीत."

"मग?"

"माझ्या मापाचा कर."

त्याने तोंड फिरवले. खाली दरीत ढगाची सावली सरकत होती. मग एकदम मोठ्याने म्हणाला, "आधीच सांगितलं आसतं तर एक ठोकळा वाचला आसता की!"

"एक तर तूच भोक पाडून घालवलास."

"त्यो धरूनच म्हणतोय! त्यो तुमच्याच वादात गेला!" आणि आम्ही दोघेही हसलो. त्या बुधवारनंतर मी एखाद्या माणसाबरोबर हसल्याचे मला आठवत नाही.

परत कारखान्यात त्याने माझी मूठ मळलेल्या मातीच्या गोळ्यावर दाबून घेतली आणि तिच्यावरून माप काढले. या वेळी फट रुंद ठेवली, पण उंची गरजेपुरतीच वाढवली, इम्तियाजभाईंनी वाऱ्याचे सांगितले होते म्हणून. संध्याकाळी नवा पाय लेन्सला लागला. मी उचलली. चारही बोटे आत गेली आणि लेन्स हाताखाली सरळ लोंबली. ती इतकी सहज उचलता येते, हे मला ठाऊक नव्हते.

काढलेला बुटका पाय टेबलावर होता. मी तो रुमालात गुंडाळू लागलो, तेव्हा विलासने हात मधे घातला.

"ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे, दाजी."

मी दिला. त्याने तो मुठीत धरून पाहिला. त्याचीही दोनच बोटे आत शिरली. मग शर्टाच्या खिशात टाकला आणि गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून बाहेर गेला.

परतीच्या गाडीत मिरजेपर्यंत ऊस होता, पुढे माळ सुरू झाला. कोल्हापूरला गेलो तेव्हा होते ते जसेच्या तसे परत उभे करायचे, असे माझ्या मनात होते. ते घडले, एका दिवसापुरते, आणि तेवढ्या एका दिवसात माझ्या लक्षात आले की मला ते हाताळता येत नाही. हे विलासला माझ्याआधी कळले होते, असे मी म्हणणार नाही. त्याला फक्त लेन्स कपाटात जायला नको होती. तो बुटका पाय त्याने खिशात घातला, तेव्हा त्यालाही तिच्या मापाचे काहीतरी जवळ हवे होते, हे मला दिसले.

घरी शालनचे फोटो आहेत आणि तिची लेन्स आहे. मी शालनसारखाच सुट्टीच्या दिवशी ती घेऊन तलावावर जातो. मला अजून फोटो काढता येत नाहीत. मी पक्षी बघतो.