पत्र्यावरचे नव्वद अंश

खरं तर मी हे लिहावं की नाही, हेच मला कळत नाही. माझा मित्र रोहित याच्याबद्दल त्याच्या घरच्यांनी, त्याला शिकवलेल्या सरांनी लिहायला हवं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि पेपरात छापून येईल असं मी आजवर काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. रोहित जाऊन पाच-सहा आठवडे झाले. सांगलीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं तेव्हा आमच्या मैत्रिणीचा, अश्विनीचा फोन आला. तिनं नुसतं त्याचं नाव घेतलं... मला तेवढ्यावरूनच कळलं.

रोहितच्या हृदयाच्या झडपेत जन्मापासून दोष होता. चार पावलं भरभर चालला की त्याला दम लागायचा. पण त्याबद्दल विचारलेलं त्याला आवडायचं नाही. तासगावजवळच्या आमच्या गावातून बारावी सायन्सला आम्ही तिघंच होतो: रोहित, मी आणि अश्विनी. निकालात आम्ही दोघं पास झालो आणि अश्विनीचा गणित विषय राहिला. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं, पुरवणी परीक्षेत निघाला तर कॉलेज, नाहीतर शिक्षण बंद. मला वाईट वाटलं, पण माझ्या डोक्यात सांगलीचं होस्टेल घोळत होतं. रोहित मात्र दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात जाऊन म्हणाला, उद्यापासून शेडमध्ये बसायचं.

शेड म्हणजे त्याच्या चुलत्यांचं बेदाण्याचं शेड. उन्हाळा सरला की ते रिकामंच असतं. वर द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांचे थर, खाली गार जमीन, आणि कोपऱ्यात एक जुना पत्रा. तोच आमचा फळा. रोहितची आई द्राक्षं काढणाऱ्या बायकांच्या टोळीत जाते. त्या टोळीची एक रीत आहे. एखादी बाई मागं राहिली तर पुढच्या बायका उलट फिरून तिच्या वेलींना हात लावतात, आणि मगच सगळ्या मिळून पुढच्या रांगेला जातात. रोहितनं तीच रीत पत्र्यावर आणली. तिघांनाही पटल्याशिवाय पुढची पायरी लिहायची नाही. मी घाईचा माणूस, मला त्याचा कंटाळा यायचा.

एके दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न घेतला. साइन टू एक्स बरोबर कॉस एक्स, तर शून्य ते तीनशे साठ अंशांमधल्या एक्सच्या सगळ्या किमती काढा. मी खडू घेतला, सूत्र घातलं, दोन्ही बाजूंचा कॉस एक्स कट केला आणि उत्तरं लिहून मोकळा झालो: तीस आणि एकशे पन्नास. रोहितनंही मान डोलावली. अश्विनी मात्र पत्र्याकडं बघत बसली. तिला पटत नव्हतं, आणि का पटत नाही तेही सांगता येत नव्हतं. मी जरा चिडूनच म्हणालो की सगळेच असं करतात. रोहितनं मला गप्प केलं. "तू बोल आश्वे. आमी हितंच हाय."

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तू जे कट केलंस ते किती हाय, तुला म्हाईत हाय का?"

मी हसलो. रोहित हसला नाही. त्यानं माझ्या हातातला खडू घेतला आणि एक्सच्या जागी नव्वद घातले. डावीकडं शून्य, उजवीकडंही शून्य. मग दोनशे सत्तर घातले. तेही जुळले. दोन उत्तरं मी कॉस एक्सबरोबर उडवून टाकली होती, कारण तो शून्यही असू शकतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोहित खाली बसला आणि दम लागेपर्यंत हसला. "गड्या, लाज काढलीस की रं. घड येणारा डोळा बघितल्याबिगर तुझा बा एक काडी छाटत न्हाई, आन् तू सरळ कात्री चालवलीस." मग अश्विनीकडं वळून म्हणाला, "ही पास होतीया. लिहून ठेव."

आम्ही दोघं पास झालेले, आणि नापास झालेल्या मुलीनं आम्हाला थांबवलं. तिला थांबवता आलं, कारण रोहितनं तशी जागा ठेवली होती. या गोष्टीचा मला आज फार अभिमान वाटतो... दोघांचाही.

परवा मी आणि अश्विनी शेडमध्ये जाऊन आलो. पत्रा तिथंच आहे. खालच्या कोपऱ्यात रोहितच्या अक्षरातले नव्वद आणि दोनशे सत्तर अजून आहेत. त्याच्या आईनं ते आकडे कुणाला पुसू दिलेले नाहीत. अश्विनी आता माझ्याच कॉलेजात आहे, आणि वर्गात कुणी मागं राहिलं तर सरांना थांबा म्हणते.

तिचा पुरवणीचा निकाल लागला तेव्हा रोहित सांगलीच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात होता. फोन आत नेता येत नव्हता, आम्हाला भेटूही देत नव्हते. आत फक्त त्याचे वडील आण्णा जायचे. आण्णा कधी शाळेत गेले नाहीत. आम्ही त्यांना म्हटलं, एवढंच सांगा, अश्विनी पास झाली. ते आत गेले, आणि थोड्या वेळानं डोळे पुसत बाहेर आले.

"सांगितलं. लय हसला. म्हणला, तिला इचारा, पेपरात नव्वद लिवलं होतं का?"

अश्विनी म्हणाली, "व्हय म्हणून सांगा, आण्णा. नव्वद बी आन् दोनशे सत्तर बी."

आण्णा ते आकडे तोंडातल्या तोंडात घोकत पुन्हा आत गेले.